अंडरग्राउंड बँड म्हणजे फक्त कमी लोकांना माहीत असलेला बँड का? अशा एखाद्या बँडचा इतिहास सांगाल का?

नाही. निदान ज्या बँडमुळे मला हा फरक कळला, त्याच्या बाबतीत तरी नाही. बँडचं नाव द प्लास्टिक पीपल ऑफ द युनिव्हर्स, गाव प्राग, देश तेव्हाचा चेकोस्लोव्हाकिया.

ऑगस्ट १९६८ मध्ये सोव्हिएत रणगाडे प्रागमध्ये घुसले आणि थोड्याच आठवड्यांत मिलान ह्लावसा या १७ वर्षांच्या पोरानं हा बँड काढला. नाव घेतलं अमेरिकन संगीतकार फ्रँक झापाच्या गाण्यावरून. वेल्व्हेट अंडरग्राउंड या अमेरिकन बँडची गाणी वाजवायची, तोंडाला रंग फासायचे, केस वाढवायचे. कम्युनिस्ट सरकार पाडायचं वगैरे कुणाच्या डोक्यातही नव्हतं.

खरी मेख परवान्यात होती. परवानगी आपल्याकडेही लागते. मिरवणुकीत डॉल्बी लावणाऱ्या सोलापुरातल्या कुठल्याही मंडळाला विचारा. पण ती आवाजाची आणि वेळेची. चेकोस्लोव्हाकियात सरकारी समितीपुढं वाजवून दाखवायचं, आणि समिती शब्द, ढंग, अवतार सगळंच तपासणार. १९७० मध्ये यांचा परवाना गेला. पाठोपाठ सरकारी वाद्यं गेली आणि पैसे घेऊन वाजवायची सोयही गेली. अंडरग्राउंड झाले ते असे, हौसेनं नव्हे.

मग सुरू झाल्या युक्त्या, आणि हा भाग मला सगळ्यात आवडतो. बँडचा कर्ताधर्ता इव्हान यिरोउस हा कला-इतिहासकार. त्यानं वेल्व्हेट अंडरग्राउंडचा पाठीराखा असलेला अमेरिकन चित्रकार अँडी वॉरहॉल याच्यावर व्याख्यान म्हणून हॉल मिळवला, थोड्या स्लाइड दाखवल्या आणि ‘उदाहरणादाखल’ बँडला वेल्व्हेट अंडरग्राउंडची गाणी वाजवायला लावली! हे जमेनासं झाल्यावर कार्यक्रम खेड्यापाड्यांत गेले. ठिकाण तोंडी कळायचं. मार्च १९७४ मध्ये चेस्के बुद्येयोवित्सेजवळच्या कार्यक्रमाला लोक रेल्वेनं आले, तर पोलिसांनी त्यांना झोडपून परतीच्या गाडीत कोंबलं. फेब्रुवारी १९७६ मध्ये यिरोउसचं लग्न झालं, त्याचं निमित्त करून बोयानोवित्से गावात अख्खा संगीत महोत्सव उरकला.

पुढच्याच महिन्यात धरपकड. सप्टेंबरात खटला, आरोप शांतताभंगाचा. यिरोउसला १८ महिने, सॅक्सोफोनवाल्या व्रातिस्लाव ब्राबेनेकला ८ महिने. शिवाय पावेल झायीचेक आणि स्वातोप्लुक कारासेक हे दोन साथीदार कलाकारही आत गेले. केस आणि गाणी यांवरून तुरुंग, हे वाचून हसू येईल. पण १९३० च्या मार्शल लॉमध्ये सोलापुरात गांधी टोपीही सरकारला खुपत होती, हे आपल्याला तरी नवीन नाही.

त्या कोर्टात नाटककार वाक्लाव हावेल येऊन बसायचा. त्याचं म्हणणं साधं होतं: हे राजकीय विरोधक नाहीत, आपल्या मनासारखं जगू पाहणारी पोरं आहेत, आणि यांना धरलं तर उद्या कुणालाही धरतील. एकमेकांशी फारसं न पटणारे लेखक, धर्मगुरू, जुने कम्युनिस्ट या खटल्यामुळं जवळ आले, आणि जानेवारी १९७७ मध्ये चार्टर ७७ हे मानवी हक्कांचं जाहीर निवेदन निघालं. सह्या करणाऱ्यांचे पुढं काय हाल झाले तो वेगळा विषय. १९८९ मध्ये कम्युनिस्ट राजवट कोसळली आणि डिसेंबरात हाच हावेल राष्ट्राध्यक्ष झाला. बँडनं क्रांती केली असं मी म्हणणार नाही, तो फिल्मी हिशेब झाला. त्यांना सरकारनंच राजकारणात ओढलं.

बँडचं मात्र फार बरं चाललं नाही. हावेलच्या ह्रादेचेकमधल्या घरी ध्वनिमुद्रणं झाली, ब्राबेनेकला १९८२ मध्ये देश सोडून कॅनडाला जावं लागलं, आणि राजवट कोसळायच्या आदल्याच वर्षी, १९८८ मध्ये, बँड मोडला. १९९७ मध्ये चार्टरच्या विसाव्या वर्षानिमित्त पुन्हा एकत्र आले. ह्लावसा २००१ मध्ये कर्करोगानं गेला.

ऐकायचं असेल तर ‘एगॉन बाँडीज हॅपी हार्ट्स क्लब बॅन्ड’ (Banned, म्हणजे बंदी घातलेला) या अल्बमपासून सुरुवात करा. शब्द बंदी घातलेल्या कवी एगॉन बाँडीचे. अल्बम चोरून बाहेर गेला आणि १९७८ मध्ये फ्रान्समध्ये निघाला. गोड संगीताची अपेक्षा ठेवू नका. सोलापूरच्या पूर्वभागात मागाच्या कारखान्यावरच्या खोलीत ड्रम बडवणाऱ्या माझ्या दोस्ताला ऐकवलं, तर म्हणाला, “काय बे, आधी ट्यूनिंग तरी करून घ्यायचं की!” दुसऱ्यांदा ऐकताना सॅक्सोफोन आणि व्हायोला एकमेकांवर चढतात तिकडं लक्ष द्या. त्या दोस्तानं आता ती फाइल माझ्याकडून मागून नेलीय.