टाइमस्टेप किती घ्यावा? वाचकांचे प्रश्न

ऐरोलीहून प्रश्न: ठाणे खाडीतल्या भरती-ओहोटीचं उथळ पाण्याचं मॉडेल एक्स्प्लिसिट पद्धतीने (पुढच्या क्षणाचं उत्तर थेट आधीच्या क्षणावरून काढून) चालवतेय. ग्रिडचे सेल ५० मीटरचे, प्रवाह सेकंदाला १ मीटर, टाइमस्टेप, म्हणजे गणनेतली वेळेची एक पायरी, २० सेकंद. कूरांट नंबर (एका टाइमस्टेपमध्ये किती सेल पार होतात ते) ०.४ येतो, तरी आकडे भरमसाट वाढून सोल्यूशन उडतं. असं का?

उत्तर: तुम्ही फक्त प्रवाहाचा वेग धरलात. उथळ पाण्यात बदल पुढे सरकतो तो लहरीच्या वेगाने, आणि हा वेग म्हणजे गुरुत्वत्वरण गुणिले खोली, त्याचं वर्गमूळ. खोली १० मीटर धरली तर सेकंदाला ९.९ मीटर. म्हणजे खरा कूरांट नंबर (१ + ९.९) × २० ÷ ५० = ४.४, आणि मर्यादा साधारण १ ची. कूरांट, फ्रीडरिक्स आणि लेवी यांची १९२८ सालची अट ती हीच.

खोली ओहोटीची घेऊ नका. उधाणाला पाणी ४ मीटर चढलं तर लहरीचा वेग ११.७ होतो आणि मर्यादा ५० ÷ १२.७, म्हणजे ३.९ सेकंदांवर येते. त्याच्या ७० टक्के, पावणेतीन सेकंद घ्या. तुमच्या स्कीममध्ये दोन्ही दिशांच्या कूरांट नंबरांची बेरीज १ च्या आत ठेवावी लागत असेल, तर त्याच्याही निम्म्यावर या. आणि सरासरी खोली नको, ग्रिडमधला सर्वांत खोल सेल धरा. मॉडेल बहुधा तिथूनच फुटतं.

घोडबंदर रोडहून प्रश्न: टाकीत हिंदकळणारं पाणी इंटरफोममध्ये (ओपनफोम सॉफ्टवेअरमधला पाणी-हवेसाठीचा सॉल्व्हर) सोडवतोय. मॅक्सको, म्हणजे कूरांट नंबरची कमाल मर्यादा, १ आहे; ती पाळायला सॉल्व्हर स्वतःच टाइमस्टेप बदलतो, पण टाइमस्टेप घसरतच चाललाय. मॅक्सको वाढवू का?

उत्तर: नको. कूरांट नंबरचं फील्ड लिहून पॅराव्ह्यूत (निकाल चित्ररूपात पाहायचं सॉफ्टवेअर) थ्रेशोल्ड लावा, म्हणजे मोठ्या कूरांट नंबरचे सेलच दिसतील. बहुतेकदा कोपऱ्यातला एखादा चपटा, तिरका सेल सापडतो. मेश (सेलची जाळी) तेवढ्याच जागी दुरुस्त करा. मॅक्सको आणि मॅक्सअल्फाको (पाणी-हवेच्या सीमेपाशी तीच मर्यादा) दोन्ही ०.५ वर आणा. सरसकट मेश बारीक करणं महागात पडतं: सेलची बाजू निम्मी केली की त्रिमितीत सेल ८ पट, टाइमस्टेपची संख्या दुप्पट, काम १६ पट.

कोपरखैरण्याहून प्रश्न: इम्प्लिसिट सॉल्व्हर (पुढच्या क्षणाची समीकरणं एकत्र सोडवणारा) कूरांट नंबर २० लाही व्यवस्थित चालतो, पण पुलाच्या खांबामागे भोवरे दिसत नाहीत.

उत्तर: सॉल्व्हर फुटला नाही म्हणून उत्तर बरोबर ठरत नाही. खांब १.५ मीटर व्यासाचा आणि प्रवाह सेकंदाला १ मीटर असेल, तर सुरुवातीच्या अंदाजाला स्ट्रूहाल नंबर (भोवऱ्यांची वारंवारता × व्यास ÷ वेग) ०.२ धरा, भोवऱ्यांचं एक आवर्तन ७.५ सेकंदांचं येतं. त्यात ५० ते १०० टाइमस्टेप हवेत, म्हणजे ०.१५ ते ०.०७५ सेकंद. मोठ्या टाइमस्टेपला फर्स्ट ऑर्डर ऑयलर ही वेळेत पुढे जायची साधी पद्धत भोवरे पुसून टाकते, म्हणून जास्त अचूक अशी सेकंड ऑर्डर बॅकवर्ड वापरा. मग टाइमस्टेप निम्मा करून लिफ्टची (खांबावर प्रवाहाला आडव्या बलाची) वारंवारता पुन्हा काढा. फरक एक-दोन टक्क्यांच्या आत असला, तर आधीचाच टाइमस्टेप ठेवा.