सडपातळ मनगट, डायव्हिंगचं घड्याळ आणि बिलावर नसलेली ओळ

बारीक मनगटाला डायव्हिंगचं कुठलं घड्याळ घ्यावं, ही तुमची पोस्ट वाचली आणि माझंच सहा वर्षांपूर्वीचं रडगाणं आठवलं. तुमचं मनगट साडेचौदा सेंटिमीटर, भावाने हौसेने दिलेलं ४४ मिलिमीटरचं घड्याळ हातावर डब्याच्या झाकणासारखं बसतंय, डिसेंबरात नेत्राणी बेटावर (कर्नाटकात) ओपन वॉटर, म्हणजे स्कूबाचा पहिला कोर्स आणि लक्ष्मी रोडवर विचारलं तर "लेडीजमध्ये डायव्हिंगचं येत नाही मॅडम, हे खड्यांचं बघा." मला तेव्हा "जेंट्सचंच घ्या, आता मुलींची तीच फॅशन आहे" असं ऐकवलं होतं. माझं मनगट चौदा. तुमच्याहून बारीक.

आधीच सांगून टाकते, मी घड्याळजी नाही आणि इन्स्ट्रक्टर तर मुळीच नाही. बँकेत नोकरी करते, वर्षातून दोनेकदा पाण्यात उतरते. खाली गेल्यावर खोली आणि वेळ बघायला डाइव्ह कॉम्प्युटर असतो, घड्याळ त्याच्या जोडीला. बेझल (डायलभोवतीची फिरती कडी) एकाच दिशेला का फिरते, चावी स्क्रूची (पिळून घट्ट बसणारी) का हवी, हे सगळं कोर्समध्ये शिकवतील, त्यात शिरत नाही.

मापाचं मात्र दुकानात कुणी धड सांगत नाही. सगळे डायलच्या रुंदीवर अडकतात. बारीक मनगटाला बघायचा तो लग-टू-लग, म्हणजे वरच्या पट्ट्याच्या शिंगापासून खालच्या शिंगापर्यंतची लांबी. मनगट वरून जिथे सपाट आहे तेवढ्याच भागावर पट्टी आडवी ठेवून मोजा. माझी ती जागा ४५ मिलिमीटर भरते. घड्याळ त्याच्या बाहेर गेलं की शिंगं हवेत तरंगतात, पट्टा खाली काटकोनात वळतो आणि वेटसूटची (डायव्हिंगच्या रबरी सूटची) बाही चढवताना हमखास अडकतो. स्टीलचा पट्टा असेल तर पहिली कडी ताठ पुढे येते का तेही बघा, ती दोन-चार मिलिमीटर वाढवते. मी पर्समध्ये प्लॅस्टिकचं व्हर्नियर घेऊन दुकानं फिरले. सेल्समन हसले. हसू देत.

आणि लहान म्हणजे बायकी, हे खूळ अलीकडचं. बाबांचं एचएमटी जनता ३५ मिलिमीटरच्या आसपासचं होतं आणि ते घालून त्यांनी आयुष्यभर एसटीत नोकरी केली. १९५३-५४ च्या सुमाराला रोलेक्स, ट्यूडरची पहिली डायव्हिंगची घड्याळं आली तीही ३७-३८ च्याच घरातली, आणि ती बांधून पाणबुडे खरंच कामाला उतरत होते. ट्यूडरने २०२३ मध्ये ब्लॅक बे ५४ काढलं ते पुन्हा ३७ मिलिमीटरचंच. सुंदर आहे. माझ्या खिशाबाहेर आहे.

आता सिटिझन, सेको वगैरे. सिटिझनच्या प्रोमास्टरमध्ये ३७ मिलिमीटरच्या आसपासचं इको-ड्राइव्ह येतं, उजेडावर चार्ज होणारं, २०० मीटरचं (म्हणजे तेवढ्या खोलीच्या पाण्याचा दाब सोसणारं). तुमच्यासाठी माझं पहिलं मत त्यालाच, कारण खाली सांगते. सेकोचं एसकेएक्स०१३ सुमारे ३८ चं, लग-टू-लग ४४ च्या आसपास. आता बंद झालंय, सेकंडहँड मिळतं. माझ्या हातावर सध्या तेच आहे. हातावर हललं की आपोआप चालतं, चावीने भरता येत नाही आणि चावी ओढली तरी सेकंदकाटा थांबत नाही, त्यामुळे वेळ सेकंदाला जुळवायची हौस असेल तर घेऊ नका. त्याच तोंडवळ्याचं सेको ५ स्पोर्ट्स ३८ मध्ये नवीन मिळतं, पण ते १०० मीटरचं आहे आणि चावी स्क्रूची नाही. दुकानदार "सेम टू सेम" म्हणेल. डायलवर डायव्हर्स हा शब्द आहे का ते बघा. आयएसओ ६४२५ या मानकात बसणाऱ्या घड्याळावरच तो लिहायचा असतो. बजेट मोठं असेल तर टिसो सीस्टार ३६ मध्ये, ओरिस अक्विस साडेछत्तीसमध्ये, लाँजिनचं हायड्रोकॉन्क्वेस्ट ३२ मध्ये आहे. बत्तीसबद्दल माझं वैयक्तिक मत (भांडू नका): पंचेचाळिशी ओलांडलेल्या बाईला मास्कच्या आतून त्या बेझलवरच्या रेघा दिसत नाहीत. मास्कला नंबर नसेल तर अजिबातच नाही.

आता माझा मूर्खपणा.

माझं पहिलं घड्याळ ३४ मिलिमीटरचं, क्वार्ट्झ, २०० मीटरचं. ब्रँड सांगत नाही, घड्याळाची चूक नव्हती. तीन वर्षं झकास चाललं. तारकर्लीला जायच्या आदल्या आठवड्यात सेल संपला. कोपऱ्यावरच्या दुकानात न देता मुद्दाम कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये नेलं, कारण मी शहाणी. वीस मिनिटांत परत मिळालं. मी काउंटरवरच्या मुलाला विचारलं, "पाण्यात चालेल ना?" तो म्हणाला, "चालेल की, दोनशे मीटर लिहिलंय ना मॅडम." बिलावर एकच ओळ होती: सेल, नग १. मी बिल घडी करून पाकिटात टाकलं आणि खूश होऊन स्कूटर काढली.

तारकर्लीला आम्ही नऊ मीटरच्या खाली गेलोच नाही. वर आल्यावर होडीत काचेकडे लक्ष गेलं. चारच्या आकड्याजवळ आतून नखाएवढं धुकं. मी ओढणीने पुसलं. ते आतून होतं, पुसलं कसं जाणार? वाटलं, उन्हात ठेवलं की उडेल. उडालंही. मग ते बॅगेत पडून राहिलं आणि पुण्यात येऊन उघडायला नेईपर्यंत पाच दिवस गेले. खाऱ्या पाण्याला तेवढे पुष्कळ झाले.

सर्व्हिस सेंटरने ठेवून घेतलं. "मुंबईला पाठवावं लागेल." तीन आठवड्यांनी फोन केला तर "पोचलं का बघून सांगतो." पाचव्या आठवड्यात सांगितलं, फाइलवाले साहेब रजेवर. सातव्यात मी समोर जाऊन बसले तर नवीनच माणूस, त्याने पुन्हा सगळी हकीकत पहिल्यापासून लिहून घेतली, माझ्या नावातली वेलांटी चुकवून. अकराव्या आठवड्यात घड्याळ आलं, सोबत इंग्रजीत एक कागद: आत पाणी गेल्याने मशिन गंजलेलं, वापरणाऱ्याकडून हानी, वॉरंटी लागू नाही. दुरुस्तीचा अंदाज घड्याळाच्या किमतीच्या दोन तृतीयांश. मी म्हटलं, झाकण तुम्हीच उघडलंत ना? उत्तर अजून पाठ आहे: "मॅडम, बिलावर प्रेशर टेस्ट नाहीये, म्हणजे तुम्ही ती करून घेतली नाहीत." म्हणजे जी मला कुणी विचारली नाही ती मी करून घेतली नाही! बरं, टेस्टचं यंत्र त्यांच्याच मागच्या खोलीत होतं.

पेठेतल्या एका म्हाताऱ्या घड्याळजींकडे ते मेलेलं घड्याळ नेलं. त्यांनी झाकण काढलं, डोळ्यावरची दुर्बीण मला दिली आणि चिमट्याने झाकणाखालची, पाणी अडवणारी रबराची रिंग उचलून उजेडात धरली. केसाएवढी बारीक रिंग. एका जागी चेपून चपटी झालेली, तिथेच कापल्यासारखी खाच आणि खाचेत पांढरा धागा, बहुतेक पुसायच्या कापडाचा. "रिंग जुनीच ठेवलीय. वरून सिलिकॉन ग्रीसही नाही लावलं," ते म्हणाले. माझ्याकडून चहाचेही पैसे घेतले नाहीत.

तर दोनशे मीटर हा आकडा त्या रिंगेच्या भरवशावर असतो. ओपन वॉटरला तुम्ही फार तर १८ मीटर जाणार, तेवढ्याला १०० मीटरचं घड्याळही रग्गड आहे, फक्त चावी स्क्रूची आणि डायलवर डायव्हर्स लिहिलेलं हवं. पण मागचं झाकण एकदा उघडलं की नवी रिंग, ग्रीस आणि प्रेशर टेस्ट झाल्याशिवाय ते घड्याळ पाण्याच्या बादलीतही घालू नका. आणि टेस्ट केली हे बिलावर लिहून, किती बारला (बार हे दाबाचं माप) केली तो आकडा टाकून घ्या. तोंडी "चालेल की" ला काडीची किंमत नाही. यंत्र दोन प्रकारचं असतं. कोरड्यात हवेचा दाब देऊन घड्याळाचं कवच किती दबतं ते मोजतात, ओल्यात दाब देऊन पाण्यात बुडवतात आणि दाब सोडल्यावर बुडबुडे येतात का बघतात. कुठलंही चालेल, पण तुमच्यासमोर करा म्हणावं. का कू केली तर उठा.

म्हणूनच इको-ड्राइव्ह म्हटलं. सेल बदलायला दर दोन-तीन वर्षांनी झाकण उघडावं लागत नाही. रिंगा तरीही म्हाताऱ्या होतात, त्यामुळे मोठ्या ट्रिपच्या आधी टेस्ट कराच. मी तक्रार पुढे नेली नाही, कंटाळले होते. तुमच्यावर वेळ आली तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करा, मी करायला हवा होता.

किरकोळ गोष्टी. डायव्हरचे रबरी पट्टे वेटसूटवर बांधायला लांब केलेले असतात, आपल्या मनगटाला शेवटच्या भोकातही ढिले बसतात. मी चपलांच्या दुकानातून पंचने दोन भोकं पाडून घेतली, दहा रुपये. घड्याळाखालून सलग जाणारा कापडी नाटो पट्टा असेल तर एक पिन तुटली तरी घड्याळ हातावर राहतं, पण शेपूट दोनदा दुमडावी लागते. सेकोच्या स्टील पट्ट्याच्या कड्या घरी काढणार असाल तर खाली पांढरा टॉवेल अंथरा. पिनेबरोबर तांदळाच्या कणीएवढी नळी निघते, माझी एक केरात गेली. समुद्रातून आल्यावर गोड्या पाण्यात बुचकळा, चावी बंद आहे ना बघून. आणि गरम पाण्याच्या शॉवरखाली नको, साबण आणि वाफ दोन्ही रिंगेचे शत्रू.

भावाचं ४४ वालं लगेच परत करू नका. वेटसूटच्या बाहीवरून बांधून बघा, तिथे बऱ्यापैकी बसेल. पण त्याच्या मागच्या झाकणावर ओरखडे आहेत का, म्हणजे आधी कुणी उघडलंय का, ते बघा, आणि तुमच्या मनगटाची वरची सपाट रुंदी मिलिमीटरमध्ये मोजून इथे टाका. मग ३६ घ्यायचं की ३८ ते बोलू.