'रन'चे अर्थ पाठ करू नका, शेजारचा शब्द बघा

ऐरोलीच्या ताईंनी विचारलंय: साहेबांनी मेलमध्ये 'रन धिस बाय अकाउंट्स' लिहिलं, त्या धावत जाऊन कागद अकाउंट्सला देऊन आल्या, आणि मग कळलं की नुसतं दाखवून त्यांचं मत घ्यायचं होतं. डिक्शनरी उघडली तर 'रन'खाली अर्थांची रांग. एवढं पाठ कसं करायचं?

ताई, पाठ करूच नका. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशवाल्यांनी एकट्या 'रन' या क्रियापदाचे ६४५ अर्थ मोजलेत. त्याआधी हा मान 'सेट'चा होता. १९८९च्या आवृत्तीत त्याचे ४३० अर्थ होते.

मी बावीस वर्षं नौपाड्यात इंग्रजी शिकवतोय. पहिल्या दिवशी फळ्यावर लिहितो तो मराठी शब्द: 'लागणे'. ठाण्याला नऊ नंबरवर वाशी लागली म्हणजे गाडी फलाटावर उभी आहे, पळा. घाटात पोरीला गाडी लागली म्हणजे पिशवी काढा. भूक लागते, ठेच लागते, दूध तळाला लागतं, डोळा लागतो, लॉटरीत घर लागतं. यातलं काही तुम्ही घोकलं होतं का? शेजारचा शब्द कानावर पडला की अर्थ आपोआप कळतो. 'रन'चंही अगदी तसंच आहे.

त्यात 'रन' म्हणजे मुळात नुसतं पायांनी पळणं नव्हेच, वाहणंसुद्धा. जर्मनमधला त्याचा भाऊबंद 'रिनेन' आजही वाहण्यासाठीच वापरतात. म्हणून नाक रन होतं म्हणजे गळतं, आणि नव्या कुर्त्याचा रंग रन होतो म्हणजे धुताना जातो. पुढे यंत्रं आली. घड्याळ, इंजिन, गिरणी, आता सॉफ्टवेअर. इथे आपलं 'चालणे' बहुतेक वेळा चपखल बसतं: लोकल चालते, मशीन चालतं, दुकान चालवतात. तेव्हा आधी 'चालणे' लावून बघा, नाही जमलं तर 'वाहणे'.

निवडणुकीचं तर मला फार आवडतं. अमेरिकेत उमेदवार 'रन' करतो, ब्रिटनमध्ये 'स्टँड' करतो. आपणही निवडणुकीला उभेच राहतो.

खरी अडचण 'रन'ला छोटा शब्द चिकटला की होते, तिथे अंदाज चालत नाही. क्रिकेटमधला 'रन आउट' म्हणजे धावबाद. पण 'वुई हॅव रन आउट ऑफ टोनर' म्हणजे टोनर संपला. 'रन इनटू' कुणा माणसाबद्दल असेल तर अचानक गाठ पडणं. 'रन थ्रू' म्हणजे एकदा सगळ्यावरून नजर फिरवणं. असे जोड अख्ख्या वाक्यासकट वहीत उतरवा, तेही तुमच्याच ऑफिसच्या मेलमधून. पुस्तकातली वाक्यं डोक्यात टिकत नाहीत, हे मी इतक्या वर्षांत पाहिलंय.

आणि साहेबांनी पुन्हा तसं लिहिलं, तर अकाउंट्सला एवढंच कळवा: 'हे बघून घ्या, तुमचं काय म्हणणं आहे ते सांगा.' त्यांचं उत्तर आलं की साहेबांना पाठवून द्या.