जर्मनीत एकाच्या पगारात बायको-मुलासह घर चालेल का?

चालतं. पण ऑफर लेटरवरचा आकडा बघून ठरवू नका, तो कर कापायच्या आधीचा असतो. नेटवर पगाराचा कॅल्क्युलेटर मिळेल, त्यात टॅक्स क्लास 3 (विवाहितांसाठीचा, कमी कर कापणारा गट) टाका. जोडीदार कमावत नसेल तर हाच फायद्याचा. मात्र बायको तिकडे राहायला येईपर्यंत क्लास 1 नेच (एकट्या माणसाचा गट, यात कर जास्त) कर कापला जातो, तेव्हा आधी एकटे जाणार असाल तर ते महिने तंगीचे धरा.

आरोग्य विमा सरकारीच घ्या. न कमावणारी बायको आणि मुलं तुमच्याच हप्त्यात येतात. खासगी विमा सुरुवातीला स्वस्त वाटतो, पण तिथे माणशी वेगळा हप्ता. शिवाय 2026 पासून प्रत्येक मुलामागे महिना 259 युरो बालभत्ता मिळतो.

खरा खड्डा पाडतं ते घरभाडं. जाहिरातीतलं ‘काल्ट’ (म्हणजे नुसत्या घराचं) भाडं फसवं असतं. त्यावर हीटिंग-पाणी, आणि बहुधा वीज-इंटरनेटही वेगळं. डिपॉझिट 3 महिन्यांच्या काल्ट भाड्यापर्यंत घेतात, पण कायद्याने ते 3 हप्त्यांत देता येतं. आणि हो, बरीच घरं स्वयंपाकघराशिवाय मिळतात. म्हणजे ओटा, सिंकसुद्धा नाही! तो खर्च कुणी आधी सांगत नाही.

म्युनिकमध्ये एका पगारात ओढाताण होते, लाइपझिगमध्ये तोच पगार बराच पुरतो. तुम्ही ब्लू कार्डवर (उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांना मिळणारा निवास-परवाना) असाल तर बायकोला नोकरीची मुभा पहिल्या दिवसापासून असते. तिचे जर्मनचे क्लास निघायच्या आधीच सुरू करा.