वही कोणासाठी लिहायची?

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

रोजनिशीबद्दलचे प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. पहिल्या प्रश्नाचं उत्तर लांबलं आहे, कारण पुढची बरीच उत्तरं त्यावरच उभी आहेत.

प्रश्न : दहा वर्षं डायरी लिहिते आहे. छापायची नाही, कोणाला दाखवायची नाही. 'मग कशाला लिहितेस?' असं कोणी विचारलं की उत्तर सुचत नाही. खरंच, कशाला लिहायचं?

उत्तर : 'डायरी' या एका नावाखाली चार निरनिराळी कामं चालतात. आठवण राखणं, मन मोकळं करणं, विचार तपासून बघणं आणि मागे राहणाऱ्यांसाठी काही ठेवणं. या प्रत्येक कामाला वेगळ्या प्रकारचं लिहिणं लागतं. हवं असतं एक आणि लिहिलं जातं दुसरंच, असं झालं की वर्षानुवर्षं लिहूनही हाती काही लागत नाही.

तुमचं कारण कोणतं, हे तुमच्याच वहीतून काढता येतं. शेवटची वीस पानं घ्या. प्रत्येक नोंदीशेजारी समासात पेन्सिलीने एक अक्षर लिहा : आठवणीसाठी असेल तर 'आ', मनातलं ओतलं असेल तर 'म', विचार किंवा निर्णय असेल तर 'वि', पुढच्यांसाठी असेल तर 'पु'. अक्षरं मोजा. मग स्वतःला विचारा, यातली कुठली पानं हरवली तर जीव हळहळेल? बहुतेक पानांवर 'म' आहे आणि हळहळ वाटते ती 'आ'च्या पानांसाठी, असं निघालं तर काय वाढवायचं ते समोरच आहे.

आठवणीसाठी लिहिताना निष्कर्ष नको, वस्तू हवी. 'आईशी फोनवर बोलले. बरं वाटलं.' हे वाक्य पाच वर्षांनी वाचलं तर त्यातून काहीच परत येत नाही, कारण असे फोन शेकडो झालेले असतात. तोच फोन असा लिहून बघा : 'आई गुडघ्याबद्दल सांगायला लागली. मागे नळ चालू होता. थांब म्हणाली, बंद करून आली, आणि मग गुडघ्याचा विषय तिने काढलाच नाही.' तीन छोटी वाक्यं, पण तो दिवस बाकीच्या दिवसांपासून सुटा झाला. एक आवाज, एक वस्तू आणि कोणाचं तरी एक वाक्य जसंच्या तसं, एवढं पुरतं. हे मात्र त्याच दिवशी लिहायला हवं. दुसऱ्या दिवशी प्रसंगाचा सारांश उरतो, बोललेले शब्द उरत नाहीत.

विचार तपासण्यासाठी लिहिणं आम्हाला सगळ्यात मोलाचं वाटतं आणि तेच सगळ्यात कमी लोक करतात. १९७२ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन चीन आणि सोव्हिएत संघाच्या दौऱ्यांवर जायच्या आधी बारुक फिशहॉफ आणि रूथ बेथ या मानसशास्त्राच्या संशोधकांनी विद्यार्थ्यांना काही घटना सांगून प्रत्येक घटना घडण्याची शक्यता विचारली. दौऱ्यांनंतर त्यांना त्यांचेच आधीचे अंदाज आठवायला सांगितले. ज्या घटना घडल्या असं त्यांना वाटत होतं, त्यांना आपण आधीच जास्त शक्यता दिली होती, असं त्यांना आठवू लागलं. हे संशोधन १९७५ मध्ये प्रसिद्ध झालं. 'मला वाटलंच होतं' हे आपण अगदी प्रामाणिकपणे म्हणतो आणि ते खरं नसतं. आधीच्या तारखेची नोंद असेल तरच ते कळतं.

अशी नोंद करण्याची रीत सोपी आहे. नोकरी बदलायची, घर सोडायचं, कोणाशी नातं तोडायचं, असा निर्णय समोर असेल तेव्हा तारीख टाका. पर्याय लिहा. आज काय माहीत आहे ते लिहा. मग काय घडेल असं वाटतं, कधीपर्यंत आणि खात्री दहापैकी किती, ते लिहा. खाली अर्धं पान कोरं सोडा आणि पुन्हा उघडायची तारीख घाला, साधारण सहा महिन्यांनंतरची. गडबड होते ती 'बघू कसं जमतं' अशा वाक्यांनी. ते कधी चुकूच शकत नाही, म्हणून त्यातून शिकताही येत नाही. 'डिसेंबरपर्यंत नव्या कामात रुळलेला असेन, खात्री सात' हे तपासता येतं.

पुढच्यांसाठी लिहिणाऱ्यांना वाटतं की मोठ्या घटना लिहायला हव्यात. लंडनमधले सरकारी अधिकारी सॅम्युएल पीप्स यांनी १६६० ते १६६९ रोजनिशी लिहिली. लंडनच्या १६६६ च्या आगीची त्यांची नोंद इतिहासकार वापरतात, पण त्यातलं वाचकांच्या लक्षात राहिलेलं काय? आग जवळ येताना त्यांनी बागेत खड्डा खणून वाइन आणि चीज पुरून ठेवलं, ते. आगीची तारीख इतर कागदांतूनही मिळते, हा खड्डा फक्त त्यांच्या वहीत आहे. तेव्हा पुढच्यांसाठी लिहायचं असेल तर घरातलंच लिहा. फक्त नावं पूर्ण लिहा, नातं लिहा, वर्ष घाला. 'बाळूकडे गेलो' यातला बाळू कोण, हे पन्नास वर्षांनी सांगणारं कोणी नसतं.

प्रश्न : लिहिलं की मन हलकं होतं म्हणतात. मला लिहिल्यावर जास्तच त्रास होतो. माझं काय चुकतं?

उत्तर : लिहून झाल्यावर लगेच त्रास होत असेल तर कदाचित काहीच चुकत नाही. मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं लिहिलं. आयुष्यातल्या क्लेशदायक प्रसंगाची हकिगत आणि त्या वेळच्या भावना असं दोन्ही लिहिणाऱ्यांना लिहून झाल्यावर जास्त उदास वाटलं. पुढच्या काही महिन्यांत मात्र त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या. त्यानंतर असे पुष्कळ प्रयोग झाले. त्या सगळ्यांतून दिसणारा सरासरी फायदा लहान आहे आणि तो प्रत्येकाला होतोच असं नाही. उपचारांना हा पर्याय नाही.

करायचं असेल तर मोजून करा. पंधरा मिनिटांचा गजर लावा आणि वाजला की वाक्य अर्धं असलं तरी थांबा. नंतरची दहा मिनिटं मोकळी ठेवा, लगेच माणसांत जाऊ नका. झोपण्याच्या तोंडावर हे लिहू नका. पहिल्या दिवशी काय झालं ते क्रमाने लिहा, दुसऱ्या दिवशी तेव्हा काय वाटलं ते, तिसऱ्या-चौथ्या दिवशी असं का झालं असावं ते. शुद्धलेखन, अक्षर, खाडाखोड यांच्याकडे बघायचंच नाही.

चौथ्या दिवशी सगळं वाचा आणि 'कारण', 'म्हणून', 'आता कळतं' अशा शब्दांखाली रेघ मारा. पेनेबेकर यांच्या पुढच्या कामात असं आढळलं की ज्यांच्या लिहिण्यात असे शब्द दिवसागणिक वाढत गेले, त्यांना फायदा जास्त झाला. तुमच्या चारही दिवसांत 'त्याने असं करायलाच नको होतं' हे एकच वाक्य फिरून फिरून येत असेल, तर ते घोकणं आहे. त्याने जखम उघडीच राहते. अशा वेळी तोच प्रसंग एक पानभर समोरच्या माणसाच्या बाजूने लिहा, किंवा 'मी' काढून 'ती' घाला. तरीही घोकणं सुटलं नाही तर वही बाजूला ठेवा.

धक्का अगदी ताजा असेल तर काही आठवडे जाऊ द्या. आणि लिहिता लिहिता झोप उडायला लागली किंवा जीव नकोसा वाटू लागला, तर वहीवर अवलंबून राहू नका. त्याच दिवशी जवळच्या माणसाशी बोला, डॉक्टर किंवा समुपदेशक गाठा.

झोपताना हात शिवशिवत असेल तर पाच मिनिटं उद्याच्या कामांची यादी करा. मायकेल स्कलिन आणि सहकाऱ्यांच्या २०१८ च्या प्रयोगात पुढची कामं लिहिणाऱ्यांना, उरकलेली कामं लिहिणाऱ्यांपेक्षा, सरासरी नऊ मिनिटं आधी झोप लागली.

प्रश्न : दर वर्षी उत्साहाने सुरू करतो आणि तीन आठवड्यांत बंद पडते. सातत्य कसं आणायचं?

उत्तर : तारखा छापलेली डायरी घेत असाल तर आधी ती बदला. चार दिवस चुकले की चार कोरी पानं डोळ्यांसमोर येतात आणि वही उघडणंच नको वाटतं. साधी रेघांची वही घ्या, तारीख हाताने टाका. मग चुकलेले दिवस दिसतच नाहीत.

रोजचं माप तीन ओळी. जास्त सुचलं तर लिहा, पण तीन ओळी झाल्या की दिवस पूर्ण. वेळ घड्याळावर ठेवू नका, आधीच पक्क्या असलेल्या एखाद्या कामाला बांधा, जसं रात्री दात घासून झाल्यावर. वही आणि पेन तिथेच असायला हवेत. कपाटातून काढावी लागणारी वही दोन आठवड्यांत कपाटातच राहते.

सवय लागायला एकवीस दिवस लागतात हे सगळीकडे ऐकू येतं, त्यावर जाऊ नका. फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सवय अंगवळणी पडायला माणसागणिक १८ ते २५४ दिवस लागतील असं दिसलं, मधला आकडा ६६. एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडत नाही, हेही त्यातच दिसलं. तिसऱ्या आठवड्यात तुम्ही हरत नाही, निम्म्या वाटेवरही पोचलेले नसता.

खंड पडला तर अनुशेष भरत बसू नका. एक आडवी रेघ, आजची तारीख आणि पुढे चला. मधलं काही महत्त्वाचं असेलच तर फोनमधले फोटो बघून दहा मिनिटांत नुसती यादी करा.

प्रश्न : वही टिकावी म्हणून कागद, शाई कशी निवडावी?

उत्तर : 'पु'ची वही असेल तर यावर खर्च करा, 'म'च्या वहीला काहीही चालतं.

कागद आम्लमुक्त हवा. स्वस्त कागदात लाकडातलं लिग्निन नावाचं द्रव्य राहतं, तो उजेडात पिवळा पडतो, आणि आम्लामुळे ठिसूळ होऊन घडीवर तुटतो. टिकाऊ कागदासाठी आयएसओ ९७०६ हे मानक आहे, वेष्टनावर तो आकडा शोधा. शाईपेनने लिहिणार असाल तर ८० जीएसएमच्या (एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) खाली जाऊ नका, पातळ कागदावर शाई मागे उमटते आणि दोन्ही बाजू वाचता येत नाहीत. बांधणी शिवलेली घ्या. नुसत्या गोंदाची पाठ वही सपाट उघडून उघडून तडकते.

शाईत रंगकण असलेली, म्हणजे पिगमेंट शाई, रंगद्रव्य विरघळवलेल्या शाईपेक्षा उजेडात आणि पाण्यात जास्त टिकते. दुकानदाराला माहीत नसेल तर घरी तपासा. त्याच कागदावर दोन ओळी लिहा आणि चोवीस तास वाळू द्या. एका ओळीवर पाण्याचा थेंब ठेवा. दुसरी ओळ अर्धी जाड पुठ्ठ्याने झाका आणि महिनाभर उन्हाच्या खिडकीत ठेवा. झाकलेला आणि उघडा भाग शेजारी शेजारी बघितले की उत्तर मिळतं. पेन्सिलही वाईट नाही. ग्राफाइट उडत नाही, फक्त पान पानावर घासून पुसट होतं.

वहीत चिकटवलेल्या गोष्टीच आधी दगा देतात. तिकिटं आणि पावत्या बहुधा थर्मल कागदावर असतात, त्यावरची अक्षरं काही वर्षांत नाहीशी होतात. त्यांची झेरॉक्स लावा किंवा मजकूर शेजारी उतरवून घ्या. सेलोटेप पिवळी पडून डाग सोडते, टाचणी गंजते, रबरबँड वितळून चिकटतो. वह्या थंड, कोरड्या, अंधाऱ्या जागी ठेवा. हवेत दमटपणा ६५ टक्क्यांच्या वर राहिला की बुरशी धरते.

प्रश्न : फोनवर लिहिलं तर चालेल का?

उत्तर : चालेल, शोधायला तर वहीपेक्षा बरं. युनिकोडमध्येच, म्हणजे सगळ्या यंत्रांना कळणाऱ्या अक्षरांच्या प्रमाण पद्धतीत, टंकलेखन करा. जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमधला मराठी मजकूर तो फाँट नसलेल्या यंत्रावर निरर्थक चिन्हांसारखा दिसतो. ॲप बंद पडलं तरी मजकूर राहावा म्हणून दर महिन्याला साध्या टेक्स्ट फाइलमध्ये काढून घ्या. फाइलचं नाव आधी वर्ष, मग महिना, मग दिवस असं द्या, म्हणजे फाइली आपोआप क्रमाने लागतात. प्रती तीन, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. वर्षातून एकदा त्या प्रतीतून एखादी फाइल खरंच उघडून बघा.

प्रश्न : घरच्यांनी वाचली तर, या भीतीने खरं लिहवत नाही. आणि माझ्यामागे या वह्यांचं काय करावं?

उत्तर : भीती खरी आहे, आणि कुलपाने ती पूर्ण जात नाही. पीप्स यांनी लघुलिपीत लिहिलं होतं, तरी एकोणिसाव्या शतकात ती उलगडली आणि १८२५ मध्ये छापूनही आली. कामाचा उपाय एकच, वह्या दोन करा. एक राहणारी आणि एक जाणारी. 'आ', 'वि', 'पु' राहणाऱ्या वहीत. रागाचं, दुसऱ्याच्या गुपिताचं, ज्याने एखाद्याला विनाकारण दुखापत होईल असं सगळं जाणाऱ्यात. महिनाअखेरीस जाणारं एकदा वाचा, ठेवण्यासारखं एखादं वाक्य राहणाऱ्या वहीत उतरवा आणि बाकीचं नष्ट करा.

राहणाऱ्या प्रत्येक वहीच्या पहिल्या पानावर पूर्ण नाव, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, आणि ती कोणाकडे द्यायची हे लिहा. त्या व्यक्तीला तोंडीही सांगून ठेवा. नष्टच करायची असेल तर तेही तिथेच स्पष्ट लिहा. मागे राहिलेल्यांना तो निर्णय फार जड जातो.

जाणाऱ्या मजकुरासाठी मात्र पहिल्यापासून सुटे कागद वापरा. शिवलेल्या वहीतून एक पान फाडलं की शिवणीपलीकडचं त्याचं जोडपानही सैल होतं, आणि ते बहुधा तुम्हाला ठेवायचंच असतं.