वाचकांचे प्रश्न: जुनी फायबरची होडी दुरुस्त करावी का?

प्रश्न : मामा त्यांची १४ फुटी फायबरची होडी मला देऊ करत आहेत, फुकट. होडी तीसेक वर्षांची आहे. बरीच वर्षं ट्रेलरवर उघड्यावर पडून आहे, ताडपत्री कधीच फाटली. पुढच्या बाजूला पाण्याच्या रेषेच्या वर तळहाताएवढं भोक आहे. त्याचे फोटो सोबत पाठवले आहेत. बाहेरच्या रंगावर जागोजागी बारीक चिरा आहेत. मागच्या बाकाजवळ पाय ठेवला की फ्लोअर जरा दबतो. इंजिन काढून ठेवलंय. ते जिथं बसायचं तिथल्या एका बोल्टच्या भोकातून पावसानंतर तपकिरी पाणी झिरपत होतं. एक ओळखीचा कारागीर भोक बुजवून द्यायला तयार आहे. तो पॉलिएस्टर रेझिन वापरतो, मित्र म्हणतो इपॉक्सीच हवं. होडी घ्यावी का?

उत्तर : भोकाचे पाच फोटो आणि तपकिरी पाण्याला एक ओळ! मला मात्र तुमच्या पत्रात तीच ओळ सगळ्यांत महत्त्वाची वाटली.

भोकाचं आधी संपवून टाकू. फायबर म्हणजे काचेच्या धाग्यांचं कापड आणि त्याला घट्ट धरणारं रेझिन. ते कुजत नाही, त्यामुळे भोकाच्या कडेचा चांगला भाग आजही चांगलाच असणार. तुटके तुकडे कापून काढायचे, कडा आतून घासून लांब उतरती करायची आणि त्या उतारावर कापडाचे थर चढवायचे. उतार जाडीच्या साधारण १२ पट घ्या. म्हणजे होडीची भिंत ५ मिलिमीटर असेल तर भोकाच्या सगळ्या बाजूंनी ६० मिलिमीटर. उतार न करता वरून ठिगळ मारणारा कारागीर असेल तर त्याला हात लावू देऊ नका. बाकी हे काम सुट्टीच्या दोन-तीन दिवसांचं आहे.

खरी गोम लाकडात आहे. होडीला आपण फायबरची म्हणतो, पण या वयाच्या बहुतेक छोट्या होड्यांची मागची उभी पाठ, म्हणजे ट्रान्सम, आतून प्लायवूडची असते. तळाला ताठ ठेवणाऱ्या लांब पट्ट्या आणि तुम्ही उभे राहता तो फ्लोअर, यांतही बहुधा लाकूडच. त्यावर फायबरचं नुसतं कातडं. स्क्रूचं किंवा बोल्टचं भोक नीट सील केलेलं नसलं की तिथून पाणी शिरतं आणि बाहेर पडायला त्याला वाट नसते. वर्षानुवर्षं प्लाय आतल्या आत कुजत राहतो. वरून मात्र होडी ठणठणीत. तपकिरी पाणी म्हणजे त्या लाकडाचा उतरलेला रंग. दबणारा फ्लोअर तेच सांगतोय.

तरी अंदाजावर निकाल देऊ नका, तपासणी सोपी आहे. स्क्रूड्रायव्हर उलटा धरा आणि त्याच्या मुठीनं ट्रान्समवर वरून खाली ठोकत या. चांगल्या जागी खणखणीत ‘टक’ ऐकू येतो, कुजलेल्या किंवा थर सुटलेल्या जागी बद्द. जिथं आवाज बदलतो तिथं पेन्सिलीनं खूण करत जा, आजाराचा नकाशाच तयार होतो. मग ड्रिलला ४ मिलिमीटरचं पातं लावा, बाहेरच्या कातड्यापर्यंत पोचणार नाही इतक्या खोलीवर पात्याला चिकटपट्टी गुंडाळा आणि आतल्या बाजूनं, खालच्या कोपऱ्यांजवळ भोकं पाडा. आधी पांढरी फायबरची भुकटी येईल, मग लाकूड. तो भुसा बोटांत चोळून बघा. फिकट, कोरडा, कुरकुरीत आला तर लाकूड जिवंत आहे. काळपट लगदा आला आणि कुबट वास सुटला तर प्लाय गेलं. लांब पट्ट्यांनाही अशीच भोकं पाडा. कोरड्या निघालेल्या जागा त्याच दिवशी इपॉक्सीनं बुजवा, नाहीतर पाण्याला तुम्हीच नवी दारं उघडून दिलीत.

आणखी एक, होडी ट्रेलरसकट वजनकाट्यावर न्या. फ्लोअरखाली बहुतेकदा तरंगण्यासाठी फोम भरलेला असतो. तो वर्षानुवर्षं पाण्यात राहिला की पाणी धरून बसतो आणि उन्हात ठेवून वाळत नाही. एक लिटर म्हणजे एक किलो. शंभर किलो वजन असंच लपून बसू शकतं. मूळ वजनाचा आकडा होडीवरच्या माहितीच्या पाटीवर किंवा कागदपत्रांत सापडतो का बघा.

बारीक चिरांना मी फार घाबरत नाही. त्या बहुतेकदा जेलकोटपुरत्याच, म्हणजे रेझिनच्या सगळ्यांत वरच्या रंगीत थरापुरत्याच असतात, आणि तो थर जेमतेम अर्धा मिलिमीटर. मात्र चिरा एकमेकींना समांतर, एखाद्या कोपऱ्याला किंवा पट्टीला धरून असतील तर तिथं होडी वाकतेय असं समजा.

आता निकाल. ट्रान्सम आणि पट्ट्या दोन्ही कुजलेल्या निघाल्या (तसंच निघेल असं मला वाटतं), तर फ्लोअर कापून काढायचा, ओला फोम खणायचा, कुजका प्लाय खरवडायचा, नवा बसवून फायबरनं मढवायचा. पट्ट्या कापण्याआधी तळाला अनेक ठिकाणी नीट आधार द्यावा लागतो, ट्रेलरच्या चार रोलरवर भागत नाही. तळाला बाक आला आणि त्यावरच नवं काम झालं, तर तो बाक कायमचा. शिवाय काचेची धूळ अंगाला खाजते आणि फुप्फुसांना वाईट. साधा कापडी मास्क चालणार नाही. पॉलिएस्टरचा हार्डनर डोळ्यात उडाला तर दृष्टी जाऊ शकते, तेव्हा डोळे झाकणाऱ्या सुरक्षा-चष्म्याशिवाय बाटली उघडायचीसुद्धा नाही.

एवढं करून हातात येतो नुसता सांगाडा. इंजिन, वायरिंग, स्टिअरिंग, ट्रेलरची चाकं सगळं पुढे उभंच आहे. पैशाचा हिशोब मांडला तर चांगल्या अवस्थेतली जुनी होडी घेणं जवळपास नेहमीच स्वस्त पडतं. म्हणून तुम्हाला पाण्यावर जायचं असेल तर नाही म्हणा. ग्राइंडर हातात घेऊन महिनोन्‌महिने आडोशाला रमायचं असेल, जागा असेल, घरच्यांची तयारी असेल, तर जरूर घ्या. १४ फूट हा शिकायला उत्तम आकार. फक्त ट्रान्सम कुजलाय आणि पट्ट्या कोरड्या आहेत असं निघालं तर माझं मत बदलेल, तेवढं काम झेपण्यासारखं आहे.

पण हे सगळं होडी तुमच्या दारात यायच्या आधी. धर्माच्या गायीचे दात मोजू नयेत म्हणतात, होडीचे मात्र मोजा. फायबर कुजत नाही, वितळवून पुन्हा वापरता येत नाही. नकोशी झालेली होडी करवतीनं कापून विल्हेवाट लावायची पाळी नव्या मालकावर येते. मामांना बहुधा हे ठाऊक आहे!

राहिला रेझिनचा वाद. जुन्या, पक्क्या झालेल्या फायबरला आणि लाकडाला इपॉक्सी जास्त चांगलं धरतं, म्हणून ट्रान्सम आणि पट्ट्यांना मी तेच वापरेन. त्यासोबत काचेच्या तुटक धाग्यांची साधी मॅट घेऊ नका. तिचे धागे बांधून ठेवणारा चिकट पदार्थ सहसा पॉलिएस्टरमधल्या स्टायरीननं विरघळतो, इपॉक्सीत नाही, आणि मॅट नीट भिजत नाही. शिवलेलं कापड घ्या. इपॉक्सीवर जेलकोटही भरवशानं सुकत नाही, वरून रंगच द्यावा लागतो. पुढचं भोक पाण्याच्या रेषेच्या वर आहे, तिथं तुमच्या कारागिराचं पॉलिएस्टर चालेल. फक्त घासण्याआधी त्यानं पृष्ठभाग सॉल्व्हंटनं पुसला पाहिजे. आधी घासलं तर जुनं मेण काचेत रगडलं जातं आणि वरचा थर पुढे सोलून निघतो.