माहेरचं नाव परत घेताना

पोरी,

घटस्फोटाच्या निकालाची नक्कल हातात आली हे कळलं. 'नाव बदलल्याचं कुणाकुणाला कळवायचं, यादी द्या' असं तू लिहिलंस. यादी मोठी नाही गं, क्रम महत्त्वाचा. नोकरीतली माझी शेवटची बरीच वर्षं बँकेत केवायसीच्या, म्हणजे ग्राहकाची ओळख तपासायच्या टेबलावर गेली. तिथं अडकलेल्या बायकांची नावं चुकीची नसायची, अर्धवट बदललेली असायची. आधारवर माहेरचं, पॅनवर सासरचं आणि पासबुकात तिसरंच काहीतरी.

आधी मोबाइल बघ. सिमकार्ड कुणाच्या नावावर आहे? लग्नानंतर घरातली सगळी कनेक्शनं एकाच्या नावावर घेतात, त्यात तुझंही असेल, तर ते आधी स्वतःच्या नावावर करून घे. आधार आणि बँकेचे ओटीपी त्याच नंबरवर येतात. दुसऱ्याच्या नावावरच्या नंबरावर स्वतःचे व्यवहार चालवू नयेत.

मग नाव ठरव, आणि कागदावर लिहून ठरव. लग्नानंतर नाव बदलायची कायद्यानं सक्ती नव्हती, तशी आता परत बदलायचीही नाही. मात्र संमतीच्या घटस्फोटात कधीकधी 'यापुढे पतीचे आडनाव वापरणार नाही' असं कलम टाकलेलं असतं. तुझ्या अटींत ते आहे का, हे सही केलेल्या प्रतीत वाचून घे.

ठरव म्हणते त्याला कारण आहे. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं. एकदा तू लग्नानंतर बदललंस. आता ही दुसरी वेळ, त्यामुळे स्पेलिंग हाताशी दहावीचं प्रमाणपत्र ठेवून एकेक अक्षर जुळवून लिही. आडनावात एक 'ए' जास्त पडला तरी पुढं हेलपाटे तुलाच.

आणि मधलं नाव? आपल्याकडे बाईचं आडनावच नाही, मधलं नावही बदलतं, आणि माझ्या पिढीत तर पहिलंसुद्धा. तांदळाच्या ताटात अंगठीनं लिहिलेलं नाव मी हौसेनं लावलं. वडील गेल्यावर सातबाऱ्यावर वारस नोंद करायची वेळ आली, तेव्हा शाळेच्या दाखल्यावरची मुलगी आणि आधारवरची बाई एकच, हे सिद्ध करायला प्रतिज्ञापत्र करावं लागलं. भाऊ चांगले म्हणून निभावलं. तू मधे वडिलांचं नाव लाव नाहीतर आईचं, पण सगळीकडे एकच लाव.

नाव ठरलं की राजपत्र, म्हणजे सरकारी गॅझेट, त्यात नाव बदलल्याचं छापून आणायचं. तुला वाटेल, निकाल असताना याची गरज काय? निकालात विवाह संपुष्टात आल्याचं असतं, तुझं नाव आता काय हे बहुतेक वेळा नसतं. रिझर्व्ह बँकेच्या केवायसी निर्देशांत नाव बदललेलं असताना जुनं ओळखपत्र ग्राह्य धरायला दोनच आधार दिलेत : राज्य सरकारनं दिलेला विवाह दाखला किंवा राजपत्रातली अधिसूचना. घटस्फोटाचा निकाल त्यात नाही. टेबलावरचा माणूस अडवतो तेव्हा दर वेळी तो खडूसच असतो असं नाही.

दुसरं कारण मला जास्त मोलाचं वाटतं. निकालाच्या प्रतीत पोटगी, दागिने, कोण कधी घर सोडून गेलं, सगळं असतं. ते गॅस एजन्सीच्या पोराला का वाचायला द्यायचं? राजपत्रात जुनं नाव, नवं नाव, संपलं. महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रासाठी अर्ज ऑनलाइन होतो. अंक प्रसिद्ध झाला की उतरवून घे आणि पाच-सहा प्रती काढून ठेव. निकाल मात्र मागितला तरच दाखव.

त्यानंतर आधार, मग पॅन, मग बँक, आणि तिन्हींमध्ये फार दिवस जाऊ देऊ नकोस. पॅनचा नंबर तोच राहतो, फक्त दुरुस्तीचा अर्ज करायचा. कुणाच्या सांगण्यावरून दुसरं पॅन काढू नकोस, त्याला दहा हजारांचा दंड आहे. प्राप्तिकराचा परतावा यायचा असेल तर तो खात्यात पडेपर्यंत पॅन आणि बँक दोन्हींना हात लावू नकोस. नावं जुळली नाहीत की परतावा लटकतो.

ऑफिसात पगार, पीएफ आणि गटविमा तिन्हींची चौकशी कर, आणि नावाबरोबर नॉमिनी कोण आहे तेही बघ. नाव बदललं, घटस्फोट झाला, म्हणून नॉमिनी आपोआप पुसला जात नाही. पॉलिसी, मुदत ठेव, पीएफ, ग्रॅच्युइटी, सगळीकडे तू लग्नानंतर कुणाचं नाव घातलंस ते आठव. संयुक्त खातं असेल तर बंद कर, लॉकर असेल तर तोही. घरकर्जात सहकर्जदार असशील, तर घटस्फोटानं बँकेचं देणं सुटत नाही. त्यासाठी बँकेशी वेगळं बोलावं लागेल, आणि त्याचं लेखी उत्तर घ्यावं लागेल.

मतदार यादीला फॉर्म ८. पासपोर्ट नव्यानं काढावा लागतो, तेव्हा तिकीट काढलेलं असेल तर प्रवास उरकूनच. डिग्रीला हात लावायचं कारण नाही, ती माहेरच्याच नावाची आहे.

पत्र चार ओळींचं कर : 'माझे पूर्वीचे नाव अमुक. राजपत्रानुसार आता तमुक. प्रत सोबत जोडली आहे. कृपया नोंद घेऊन तसे कळवावे.' कारण लिहू नकोस. कुणी तोंडी विचारलं तर 'राजपत्रात आहे' एवढंच सांग. जिथं हाती देशील तिथं दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घे. पोच नसेल तर तू तिथं गेलीच नव्हतीस असं समज.

तुझी,
मावशी

ता. क. ईमेलच्या पत्त्यातही त्याचं आडनाव आहे ना? नवा पत्ता आजच काढ, पण जुना वर्षभर चालू ठेव. विसरलेली एखादी पॉलिसी तिथंच पत्र पाठवेल.